रंकाळ्यावरचा केक, बाराशे रुपये आणि भरतीचा फॉर्म

प्रश्न थोडक्यात असा. गडहिंग्लजकडचा मुलगा, वय २२, कोल्हापुरात राजारामपुरीत चौघांत एक खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतोय. मित्राचा वाढदिवस म्हणून आठजण रात्री बाराला रंकाळा तलावावर गेले, गाडीच्या बॉनेटवर केक ठेवला, गाडीतली गाणी लावली. पाऊण वाजता गस्तीची गाडी आली. आठही जणांना ठाण्यात नेलं, नाव-पत्ता-आधार लिहून घेतला, तासाभरानं सोडलं आणि सोमवारी न्यायालयात हजर राहण्याची नोटीस हातात दिली. नोटिशीवर लिहिलंय 'म.पो.का. ११०/११७', म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्याची ही दोन कलमं. खोलीतला मित्र म्हणतो, "गुन्हा कबूल कर, बाराशे भर, विषय संपला." तर विषय खरंच संपतो का? आणि रंकाळ्यावर रात्री बसणं हा गुन्हा कधीपासून झाला?

दुसरा प्रश्न आधी घेतो, त्याचं उत्तर लहान आहे. झालेला नाही. पोलीस रात्री फिरणाऱ्यांना जे कलम ऐकवतात ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १२२, म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात संशयास्पद स्थितीत सापडणं. पण ते कलम नीट वाचा. गुन्ह्याच्या इराद्यानं हत्यार घेऊन फिरणारा, गुन्ह्याच्या इराद्यानं तोंड झाकलेला, घरफोडीची अवजारं बाळगणारा, किंवा चोर म्हणून आधीच नाव झालेला आणि इथं का थांबलास याचं धड उत्तर न देणारा, अशी माणसं त्यात आहेत. कठड्यावर वाऱ्याला बसलेला माणूस त्यात कुठंच नाही. मुंबईत रात्री दीडच्या सुमारास तोंडाला रुमाल बांधून रस्त्यावर बसलेल्या एकावर हे कलम लावलं होतं. २०२२ मध्ये गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी त्याला निर्दोष सोडलं. मुंबईत दीड म्हणजे काही फार उशीर नव्हे, संचारबंदी नसेल तर रस्त्यावर असणं गुन्हा नाही, आणि कोविडच्या दिवसांत तोंडावर रुमाल असला म्हणजे ओळख लपवली असं होत नाही, असा त्या निकालाचा आशय. कोल्हापुरात दीड वाजता उशीर होतो की नाही यावर आपल्या घराघरांत दोन मतं असतील, ती घरातच राहू द्यात.

आता तुमची नोटीस. मधल्या तिरक्या रेघेचा अर्थ असा की काय करू नये हे ११० सांगतं आणि केल्यास काय होईल ते ११७ सांगतं. ११० मध्ये रस्त्यात किंवा लोकांच्या वावराच्या जागी अंगप्रदर्शन, अश्लील बोलणं, असभ्य, दंगामस्तीचं किंवा बेशिस्त वर्तन हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं आहे. ११७ प्रमाणे शिक्षा बाराशे रुपयांपर्यंत दंड, कैद नाही. खोलीतल्या मित्राचा आकडा बरोबर आहे. पोरांना आकडे पाठ असतात.

शेजारची कलमंही माहीत असू द्यात. ११२ म्हणजे शांतताभंग होईल असं धमकीचं, शिवीगाळीचं बोलणं. ११५ मध्ये रस्त्यावर घाण करणं, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास होईल असं थुंकणं, कचरा-राख-धूळ टाकणं. त्याच ११५ मध्ये सात वर्षांखालच्या मुलाला रस्त्यावर शौचाला बसवणाऱ्या मोठ्या माणसालाही धरलंय. महाद्वार रोडला गटारीकडेला नातवाला धरून उभ्या राहिलेल्या एखाद्या आजींना हे सांगून बघा, त्या तुम्हालाच चार गोष्टी ऐकवतील.

हा कायदा १९५१ चा, मूळ नाव मुंबई पोलीस कायदा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यानंतर अडीच वर्षांत हा आपल्याला लागू झाला. सार्वजनिक जागी कसं वागावं याचे हुकूम मात्र इथं त्याआधीही निघत होते. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, सरकारी इमारती, दवाखाने, शाळा इथं अस्पृश्यता पाळायची नाही असा हुकूम काढला. तो हुकूम जागा सगळ्यांसाठी खुली करायला होता. ११० हातात घेऊन फिरणाऱ्या गस्तीला हे कधीतरी आठवावं असं मला वाटतं, पण ते माझं मत, ते न्यायालयात चालणार नाही.

'बेशिस्त वर्तन' हा शब्द रबरासारखा आहे आणि सगळी भानगड तिथंच आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-अक्साकडच्या हॉटेलांवर छापे पडले, बंद खोलीतल्या सज्ञान जोडप्यांवर हेच ११० लावलं आणि बाराशे रुपये दंड झाला. दाराला कडी लावलेली खोली लोकांच्या वावराची जागा कशी होते, यावर तेव्हा बराच गदारोळ झाला. तेव्हा नुसतं कलम लागलं म्हणजे गुन्हा झाला असं समजू नका. कोणी काय केलं, कोणाला त्रास झाला, हे पोलिसांनी कागदावर मांडावं लागतं. बऱ्याच वेळा त्या कागदावर 'मोठमोठ्याने आरडाओरडा करून सार्वजनिक शांततेचा भंग करीत असताना मिळून आला' हे एकच वाक्य असतं आणि आठ आरोपी असले तर आठही कागदांवर तेच. आठजण एकाच वेळी एकाच शब्दात ओरडत होते का, हे विचारणं वकिलाचं काम.

तुमच्या प्रकरणात ११० च्या पलीकडं काही आहे का हे मला आधी कळायला हवं.

एक, गाणी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र शासनानं जाहीर केलं असेल तर तिथं ५० आणि ४०. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही सणासमारंभाला शासनानं जाहीर केली तरच. गणपतीत डॉल्बीवरून दरवर्षी जी ओढाताण चालते ती याच नियमांवरून, आणि त्यात मंडळाचा अध्यक्ष पर्यावरण कायद्याखाली अडकतो. तुमचा गाडीतला स्पीकर त्या मापाचा नाही. पण दारं उघडी ठेवून, डिकीत बसवलेल्या बेसवर वाजवत असाल तर समोरच्या अपार्टमेंटमधनं फोन गेलेला असणार. रंकाळ्यावर गस्त बहुतेक वेळा अशा फोनवरच येते.

दोन, जमावबंदी. यात कोल्हापूरची पोरं नेहमी फसतात, कारण ती मोबाईलवर मुंबई-पुण्याची माहिती वाचतात. तिथं पोलीस आयुक्त आहेत, मनाई आदेश तेच काढतात. आपल्याकडं आयुक्तालय नाही, पोलीस अधीक्षक आहेत. त्यामुळं कलम ३७ चा आदेश जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकारी यांच्या सहीनं निघतो. ३७ (१) मध्ये हत्यारं, दाहक वस्तू, प्रक्षोभक घोषणा वगैरे. ३७ (३) मध्ये पाच किंवा जास्त लोकांचा जमाव. एका वेळी पंधरा दिवस. आंदोलन, निवडणूक, सण काहीही असो, वर्षात बरेच पंधरवडे असा आदेश चालू असतो आणि पेपरात आतल्या पानावर चार ओळींत छापून येतो. त्या रात्री तो लागू होता का बघा. तुम्ही आठजण होता. नोटिशीवर ३७ आणि तो मोडल्याची शिक्षा सांगणारं १३५ नाही याचा अर्थ एकतर आदेश नव्हता, नाहीतर साहेबांनी सोडून दिलं. दुसरं असेल तर मनातल्या मनात त्यांचे आभार माना. आणि जमावाचं ३७ (३) सोडा, हत्यारांचं ३७ (१) मोडलं तर १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे.

तीन, केक कशानं कापला? हसू नका. प्लॅस्टिकच्या सुरीनं कापला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. तलवारीनं कापला असेल, कोयत्यानं कापला असेल, आणि त्याचा व्हिडिओ कोणाच्या स्टेटसला असेल, तर तुमचा विषय ११० चा राहात नाही. शस्त्र कायदा ४, २५ आणि वर ३७ (१)/१३५ असा होतो. असे गुन्हे घटनेनंतर आठ-आठ दिवसांनी नुसत्या व्हिडिओवरून दाखल झालेले मी पाहिलेत. तलवार तालमीतली आहे, शोभेची आहे, धार नाही, हे सगळं नंतर सांगता येतं, पण ते जामीन झाल्यावर.

चार, दारू. कोणी प्यालेलं होतं का? पिऊन रस्त्यात गोंधळ घालणं याला दारूबंदी कायदा १९४९ चं ८५ हे कलम आहे. त्यासाठी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, नेऊन तपासणी करतात, रक्त घेतात. तुम्हाला सीपीआरला नेलं नाही, म्हणजे तो भाग नाही. नव्या भारतीय न्याय संहितेतही दारू पिऊन सार्वजनिक जागी उपद्रव देण्याला ३५५ आहे. चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा समाजसेवा. जुन्या भारतीय दंड विधानात याच गुन्ह्याला दंड होता दहा रुपये. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले, त्यामुळं जुन्या पुस्तकावरून कोणी सल्ला देत असेल तर जरा सांभाळून.

रस्ता अडवणं, सायलेन्सर फोडलेली बुलेट, वाढदिवसाचा विनापरवाना डिजिटल फलक, याचे कायदे वेगळे आहेत, त्यात आत्ता शिरत नाही. फक्त कोण कुठं दंड घेऊ शकतो ते लक्षात ठेवा, कारण रस्त्यावर सगळा गोंधळ तिथंच होतो. वाहतुकीचं ई-चलन जागेवर होतं. धूम्रपानाचा २०० रुपयांपर्यंतचा दंड अधिकार दिलेला अधिकारी जागेवर घेऊ शकतो. महापालिकेचा माणूस कचरा-थुंकण्याची पावती फाडतो, ती त्यांची. पण ११०/११७ चा दंड रस्त्यावर कोणालाच घेता येत नाही. तो दंडाधिकारी ठोठावतात, न्यायालयात भरायचा आणि न्यायालयाची पावती घ्यायची. तुमच्याकडून त्या रात्री काही घेतलं नाही, नोटीस दिली, हे रीतसर झालं.

ठाण्यात नेलं तेही बेकायदेशीर म्हणता येणार नाही. कलम ६८ प्रमाणे पोलिसांनी कर्तव्य बजावताना दिलेली वाजवी सूचना पाळावी लागते. न पाळल्यास ६९ प्रमाणे ते तुम्हाला बाजूला नेऊ शकतात आणि किरकोळ बाब असेल तर वेळ निघून गेल्यावर सोडू शकतात. '६८ नुसार ताब्यात घेऊन ६९ नुसार सोडून दिले' हे वाक्य आंदोलनाच्या प्रत्येक बातमीत येतं ते यामुळं. तुमच्याबरोबर मुली असत्या तर गोष्ट वेगळी. स्त्रीला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सज्ञान मुलीच्या घरी फोन करून 'तुमची मुलगी कुठं आहे बघा' असं सांगण्याची तरतूद मला अजून कुठल्या कायद्यात सापडलेली नाही. पोलीस नसलेल्या, भगवा नाहीतर कुठलाही रुमाल गळ्यात घातलेल्या माणसानं हटकलं तर त्याला तुमच्या-माझ्याइतकाच अधिकार आहे.

आता बाराशे रुपयांकडे येतो.

सोमवारी सकाळी न्यायालयाच्या व्हरांड्यात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. भिंतीला बोर्ड, त्याभोवती गर्दी. किरकोळ खटल्यांची पोरं एका बाजूला रांगेत, पुढं हवालदार कागदांचा गठ्ठा घेऊन. तो वाईट माणूस नसतो. त्याला अकराच्या आत वीस खटले निकाली काढायचे असतात. "कबूल हाय म्हणा, दंड भरा, जावा घरला," एवढं तो सांगतो. आत हाक होते. साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का? पोरगं हवालदाराकडं बघतं, मान हलवतं. सही. बाहेर येऊन दंड. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्या दोन मिनिटांत त्याच्यावर फौजदारी गुन्हा शाबीत झालेला असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मीही सांगितलं नव्हतं. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मंगळवार पेठेतली सहा पोरं माझ्याकडं आली होती, रात्री कट्ट्यावर बसून दंगा केल्याबद्दल ११०/११७. मी म्हणालो, तारखा मारत बसण्यापेक्षा भरा आणि मोकळे व्हा. भरले. तेव्हा दंड इतका किरकोळ होता की माझी फी त्याच्यापेक्षा जास्त झाली. चार वर्षांनी त्यातला एकजण घरी आला, हातात चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. भरतीत निवड झाली होती. 'आपणावर कधी गुन्हा दाखल होऊन शिक्षा झाली आहे काय' या रकान्यात त्यानं 'नाही' लिहिलं होतं, आणि पडताळणीत ठाण्याच्या रजिस्टरमधनं ती जुनी नोंद वर आली होती. तो मला म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्हीच म्हणालावता विषय संपला." कट्ट्यावर बसला म्हणून त्याची नोकरी अडली नाही, 'नाही' लिहिलं म्हणून अडली. पुढं बरेच हेलपाटे झाले. ते सांगत बसत नाही, पण तेव्हापासून ११०/११७ चं पोरगं आलं की मी आधी विचारतो, कुठली परीक्षा देतोस का?

तुम्ही देताय. म्हणून हे नीट वाचा.

फॉर्ममध्ये फक्त शिक्षेबद्दल विचारलेलं नसतं. अटक, दाखल गुन्हा, चालू खटला, शिक्षा, सगळं विचारलेलं असतं. त्यामुळं कबुली द्या किंवा देऊ नका, आता तिथं 'नाही' लिहिता येणार नाही. ही लपवाछपवी किती महागात पडते यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे. उमेदवारानं खरी माहिती द्यायची. आणि बाब किरकोळ असेल, कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी, जी उघड केली असती तरी तो अपात्र ठरला नसता, तर ती लपवल्याकडं नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. 'करू शकतो' हे शब्द ध्यानात घ्या; केलंच पाहिजे असं नाही. पण खरं लिहिणाऱ्या उमेदवारासाठी भांडायला माझ्यासारख्याच्या हातात काहीतरी असतं. खोटं लिहिणाऱ्यासाठी फारच थोडं.

मग सोमवारी काय करायचं? दोन वाटा आहेत आणि कुठली धरायची ते कागद बघितल्यावर ठरवू.

कागदात ते एकच ठोकळेबाज वाक्य असेल, साक्षीदार फक्त गस्तीवरचे दोघं असतील, तक्रारदार शेजारी कोणी नसेल, तर गुन्हा नाकबूल करायचा. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला सहा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर न्यायालय दखल घेऊ शकत नाही, तेव्हा तारखा बघायच्या. तोटा असा की खटला चालू राहतो आणि मधेच भरती निघाली तर 'प्रलंबित' लिहावं लागतं. निर्दोष सुटलात तर उत्तम, पण वेळ तुमच्या हातात नाही.

आणि खरंच दंगा झाला असेल, कोणी व्हिडिओ काढलेला असेल, शेजाऱ्याचा जबाब असेल, तर खोटं लढण्यात अर्थ नाही. कबूल करा, पण नुसतं 'कबूल' म्हणून दंड भरून बाहेर पडू नका. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ च्या कलम ३ खाली समज देऊन सोडण्याची विनंती करायची. पहिलाच गुन्हा, वय २२, शिकणारा मुलगा, दंडापुरताच गुन्हा, सगळं त्यात बसतं. तसा आदेश झाला तर कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही. नोंद पुसली जात नाही, फॉर्ममध्ये ती लिहायचीच, पण सोबत आदेशाची प्रमाणित प्रत जोडता येते. दंडाची पावती आणि ही प्रत यात पडताळणीच्या टेबलावर फरक पडतो. हा अर्ज लेखी लागतो. हवालदाराच्या रांगेत उभं राहून तोंडी मागितला तर कोणी ऐकणार नाही. बाकीच्या सातजणांनाही हे सांगा, विशेषतः जो आर्मी भरतीला पळतोय म्हणालात त्याला.

येताना नोटीस, आधार, दहावीचा दाखला, कॉलेजचं किंवा अकॅडमीचं ओळखपत्र आणा. त्या रात्रीचे फोटो-व्हिडिओ कोणाकोणाकडं आहेत त्याची यादी करा. नवीन काही टाकू नका, आणि आहे ते काढून टाकण्याआधी मला दाखवा. साडेदहापर्यंत पोचा. रिक्षावाल्याला नुसतं 'कोर्ट' म्हणालात तर तो सीपीआरसमोरच्या जुन्या इमारतीत सोडेल. तिथं ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, तुमचं काम तिथं नाही. 'कसबा बावड्याचं कोर्ट' असं सांगा.